टोकियोत दोन नातवंडांबरोबर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी "जपानच्या प्रवासाविषयी चार शब्द सांगा" असे मला फर्मावले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. प्रवासवर्णन करावे असे मी तिथे फारसे काही पाहिलेच नाही. फुजी पर्वत विमानाच्या खिडकीतून दिसतो म्हणतात. पण नेमकी त्याच वेळी माझी नात माझ्या मांडीवर ओकत होती. टोकियोत २०१२ साली खुला झालेला ६३४ मीटर उंचीचा मनोरा आहे. तोही मी खालूनच पाहिला, कारण वर जाण्याच्या रांगेत उभे राहायला नातवंडे तयार नव्हती. तीन आठवडे मी त्या शहरात होते आणि त्यातला पुष्कळसा वेळ बागेतल्या वाळूच्या हौदाच्या काठावर बसून काढला. तेव्हा मंदिरे, राजवाडे आणि दुकाने यांची माहिती ज्यांना हवी असेल त्यांची थोडी निराशा होणार आहे. परंतु लहान मुले बरोबर घेऊन एका अफाट शहरात कसे वावरावे आणि ते शहर लहान मुलांना कसे वागवते, एवढे मात्र मला जवळून पाहायला मिळाले. ते आपल्या मंडळाच्याही कामाचे आहे असे वाटले, म्हणून आज उभी राहिले आहे.

आमच्या जावयांना कामानिमित्त महिनाभर टोकियोला जायचे होते. लेक म्हणाली, "आई, तू आलीस तरच मी मुलांना घेऊन जाईन." नातू सात वर्षांचा, नात साडेतीन वर्षांची. ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही गेलो. हवा सुखाची होती, थंडी अजून बोचत नव्हती. लहान मुलांबरोबर जाणारांनी जूनमधला पाऊस आणि ऑगस्टमधला घामट उकाडा टाळावा, हे माझे पहिले सांगणे.

आमचे बिऱ्हाड एदोगावा या विभागातल्या निशिकासाई भागात होते. २००० सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी गेलेली आपली पुष्कळ माणसे तिथे राहिली, म्हणून तिथे आज हिंदुस्थानी वाण्याची दुकाने आहेत. याच एदोगावा विभागाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते. पहिल्याच दिवशी बागेत गेलो तर झाडामागून "अरे मेल्या, खाली उतर, पडशील!" असे खणखणीत मराठी कानावर आले. सहा हजार किलोमीटर ओलांडून आल्यावर ते शब्द किती गोड लागले म्हणून सांगू! त्या बाई आमच्याच इमारतीत राहत होत्या. बारा वर्षे तिथे संसार केलेला. पुढे त्यांचा मोठा उपयोग झाला, तो ओघात सांगेनच.

प्रथम संसारी गोष्टी सांगते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आपल्याकडे मुले रात्री आठला झोपत असतील, तर तिथे साडेअकराशिवाय डोळा लागत नाही. आणि सकाळी सातला उठवू गेलात तर त्यांच्या पोटातल्या घड्याळात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. पहिले तीन-चार दिवस दुपारपर्यंत कुठलाच बेत करू नये. आम्ही केला आणि दोन्ही मुलांचे रडणे पदरी पाडून घेतले.

जेवणाची काळजी शाकाहारी माणसाला असतेच. वरून निव्वळ भाजी दिसते, पण सुक्या माशाचे पाणी तिथल्या रश्शात, सारात सर्रास असते. मी घरून मेतकूट, भाजणी, गूळ आणि लिंबाचे लोणचे नेले होते. जपानी तांदूळ आखूड दाण्याचा आणि चिकट. आपल्या आसट भातासारखा भात होतो. त्यावर मेतकूट आणि तूप घातले की नातवंडे दुसरे काही मागत नसत. तिथल्या दुकानांत भाताचे त्रिकोणी मुटके मिळतात. त्यातल्या खारवलेल्या आंबट फळाच्या मुटक्याची चव लोणच्याच्या जवळची. तोही पाकिटावरचा मजकूर कुणाकडून तरी वाचून घेऊनच घ्यावा.

प्रवासाची सोय उत्तम. सहा वर्षांखालच्या मुलांना आगगाडीत मोठ्या माणसाबरोबर तिकीट लागत नाही, प्राथमिक शाळेच्या मुलांना अर्धे. पण सकाळी आठ-नऊच्या गर्दीत मुले घेऊन गाडीत शिरू नये. मुंबईची लोकल पाहिलेल्यांनीसुद्धा. आपल्याकडचा बायकांचा डबा तिथेही काही गाड्यांना गर्दीच्या वेळी असतो, त्यात लहान मुलगेही चालतात. युद्धानंतर १९४७ साली टोकियोच्या एका मार्गावर 'स्त्रिया व मुले' यांचा वेगळा डबा सुरू झाला होता, तो १९७३ पर्यंत चालला, असे कळले.

स्थानकांतील शौचगृहे स्वच्छ, आणि पुष्कळ ठिकाणी भिंतीला बाळाला बसवायची लहानशी खुर्ची. आई आत असताना मूल कुठे ठेवायचे, हा प्रश्न ज्याने सोडवला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. मोठ्या दुकानांत अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी आडोशाची खोली आणि दूध कालवायला गरम पाणी. कचऱ्याचे डबे मात्र रस्त्यावर शोधूनही सापडत नाहीत. केळ्याची साल आपल्याच पिशवीतून घरी आणायची. मी दोन पिशव्या बाळगत असे, एक खाऊची आणि एक खाऊनंतरची.

रस्त्यावर आया विजेच्या सायकली चालवतात. पुढे एक मूल, मागे एक मूल, टोपलीत भाजी. या सायकलीला तिकडे 'मामाचारी' म्हणतात. तिथे 'मामा' म्हणजे आई. पण आमच्या नातवाने ते 'मामाची सायकल' असे समजून घेतले आणि आपल्या मामाला ती कधी मिळणार, असे रोज विचारू लागला.

आमच्या जावयांनी प्रत्येक दिवसाची टिपणे केली होती. सकाळी देऊळ, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी मनोरा. दुसऱ्या दिवशीच ती टिपणे बाजूला पडली. देवळाच्या वाटेवर एका झाडाखाली ओकची फळे पडली होती. बोराएवढी, डोक्यावर टोपी घातल्यासारखी. मुले ती वेचायला बसली आणि तास झाला तरी उठेनात. मला आधी चुटपुट लागली, की एवढा खर्च करून आलो ते हे करायला? मग पाहिले तर शेजारी दोन जपानी पोरे तेच करीत होती, आणि चौघांच्या चार खिशांची आपापसांत देवघेव चालली होती. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती. तेव्हापासून आम्ही दिवसाला एकच ठिकाण ठरवू लागलो आणि तेही मुलांनी मान्य केले तर. घराजवळ विभागातर्फे चालवलेले एक छोटे प्राणिसंग्रहालय होते, प्रवेश फुकट. तिथे मांडीवर गिनीपिग घेऊन बसायला मिळते. आमची धाकटी तिथे पाच वेळा गेली.

मोठे प्राणिसंग्रहालय उएनोचे, १८८२ साली सुरू झालेले. तिथली एक हकीकत मला त्या मराठी शेजारणीने सांगितली, ती आपणांसही सांगते. १९४३ साली, बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर जनावरे शहरात सुटतील या भीतीने तिथले वाघ-सिंह मारून टाकण्यात आले. तीन हत्ती होते, त्यांना उपाशी ठेवून मारले. युद्ध संपले, पण मुलांना दाखवायला शहरात हत्ती उरला नव्हता. तेव्हा टोकियोच्या मुलांनी आपल्या पंतप्रधानांना, पंडित नेहरूंना, पत्रे लिहिली की आम्हाला एक हत्ती पाठवा. पंडितजींनी १९४९ साली म्हैसूरकडची एक हत्तीण धाडली आणि तिला आपल्या मुलीचे नाव दिले, इंदिरा. ती कानडी हुकूम ओळखत असे; माहूत बरोबर गेले होते, त्यांच्याकडून तिथल्या रखवालदारांना ते शब्द शिकावे लागले. १९५७ साली पंडितजी जपानला गेले तेव्हा तिला भेटून आले. १९८३ साली ती वारली. ही हकीकत ऐकताना माझ्या मनात आले, की राखरांगोळी झालेल्या त्या शहरात अन्नाला महाग झालेली मुले हत्ती मागत होती, आणि मोठ्यांनी ते मागणे हसण्यावारी नेले नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे सांगते आहे तो प्रसंग.

उएनोहून परतताना नातवाचा हट्ट, की गोल फिरणाऱ्या गाडीत बसायचे. यामानोते नावाचा हा मार्ग शहराच्या मध्यातून वर्तुळाकार जातो. साडेचौतीस किलोमीटर, तीस स्थानके, तासाभरात फेरी पुरी. पुष्कळ स्थानकांवर गाडी सुटण्यापूर्वी एक छोटीशी धून वाजते, आणि ठिकठिकाणी ती वेगवेगळी. दुपारची वेळ, डबा निवांत होता. धाकटी माझ्या मांडीवर झोपलेली. लेक पिशवीत काहीतरी शोधत होती. एका स्थानकावर दार उघडले, धून वाजू लागली, आणि ती कुठून येते ते पाहायला हा पठ्ठ्या उठून बाहेर पडला. आम्ही हाक मारेपर्यंत दार लागले.

भगिनींनो, काचेच्या पलीकडे त्याचा चेहरा मागे मागे सरकत गेला. एवढेच मला आठवते. लेक दारावर हात आपटत होती. कोट्यवधी माणसांचे ते शहर, आणि माझा सात वर्षांचा नातू त्यात एकटा, भाषा येत नाही, जवळ पैसा नाही. समोर बसलेल्या एका वृद्ध बाई उठल्या. त्यांनी लेकीच्या दंडाला धरले, एक बोट वर केले, म्हणजे एकच स्थानक, आणि हाताने उलटे जाण्याची खूण केली. पुढच्या स्थानकावर त्या आमच्याबरोबर उतरल्या, समोरच्या फलाटावर उलट्या गाडीत आम्हाला बसवून दिले. गाडी हलते न हलते तोच लेकीचा फोन वाजला. इंग्रजीत एकच वाक्य कानावर आले, "तुमचा मुलगा येथे आहे."

शेजारणीच्या सांगण्यावरून आम्ही दोन्ही मुलांच्या गळ्यात एक चिठ्ठी अडकवली होती. नाव, फोन, पत्ता, सारे तिच्या हातचे जपानी लिपीत. आणि "चुकलास तर पळू नको, जिथे आहेस तिथेच उभा राहा" असे रोज सकाळी पढवले होते. या दोन गोष्टींनी आमची लाज राखली. लहान मुले घेऊन परदेशी जाणाऱ्या प्रत्येकीने हे करावेच.

आम्ही पोहोचलो तेव्हा तो स्थानकाच्या कर्मचाऱ्याजवळ उभा होता. पण त्याची बाही धरून ठेवली होती ती त्याच्याच वयाच्या एका मुलीने. गणवेश, निळी टोपी, पाठीवर चामड्याचे चौकोनी दप्तर. चिठ्ठी पहिल्यांदा वाचली ती तिने, आणि त्याला कर्मचाऱ्याकडे नेले तेही तिने. आम्हाला पाहून तिने बाही सोडली, कमरेत वाकून नमस्कार केला, आणि पुढच्या गाडीत चढून निघून गेली. एकटी. बरोबर कोणी मोठे माणूस नव्हते. शाळेतून घरी चालली होती.

रात्री नातू मला म्हणाला, "आजी, ती एकटी गाडीने जाते. मग मला शाळेत सोडायला बाबा का येतात?"

आमच्या घरापासून त्याची शाळा सहाशे पावलांवर आहे. मी मोजली आहेत. मी स्वतः त्याच्या वयाची असताना धाकट्या भावाचा हात धरून याहून दूरच्या शाळेत चालत जात होते. तरी आज त्याला स्कूटरवरून सोडल्याशिवाय आमच्या जिवाला चैन पडत नाही. मला त्याला उत्तर देता आले नाही.

मी शेजारणीला विचारले. म्हटले, तुमच्याकडच्या आयांना भीती वाटत नाही का? त्या हसल्या. म्हणाल्या, "वाटते की. त्या मुलीच्या दप्तराच्या पट्ट्याला एक छोटी डबी लोंबत असेल, पाहिलीत? दोरी ओढली की कर्णकर्कश वाजते. भीती आहे म्हणूनच ती आहे." आणि मग त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नेले.

साडेसातची वेळ. शाळेच्या वाटेवरच्या चौकात आळीपाळीने आया-बाप पिवळी निशाणे घेऊन उभे. ही पाळी प्रत्येक घराला येते. आमच्या शेजारीणबाईही त्या दिवशी उभ्या होत्या. मुले घोळक्याने येतात, हात वर करून रस्ता ओलांडतात. निशाण आडवे झाले की मोटारी थांबतात. वाटेतल्या काही दुकानांवर, घरांवर एक चिठ्ठी डकवलेली असते. तिचा अर्थ, घाबरलेल्या मुलाने बेधडक आत यावे, इथे पोलिसांना कळवले जाईल. चौकाजवळ छोटी पोलीस चौकी असतेच. संध्याकाळी ठरल्या वेळी वस्तीतल्या कर्ण्यांवरून एक धून वाजते. भूकंपाची सूचना द्यायचे कर्णे ते, रोज तपासलेही जातात आणि मुलांनाही खेळ थांबवून घरी जायची वेळ कळते.

हे सारे जपानी माणसाच्या रक्तातच आहे, असे आपण म्हणून मोकळे होतो. ते खरे नाही. युद्धानंतर मोटारी वाढल्या तशी तिथे रस्त्यांवर माणसे किड्यामुंग्यांसारखी मरू लागली. त्या काळाला ते लोक 'वाहतुकीचे युद्ध' म्हणत. १९७० या एका वर्षात १६,७६५ माणसे रस्त्यावर दगावली. २०२४ साली तोच आकडा २,६६३ होता. आपल्या देशात २०२२ साली १ लाख ६८ हजारांवर माणसे अशी गेली. आपली लोकसंख्या त्यांच्या दहापटीहून अधिक आहे हे खरे. पण हिशेब तसा केला तरी तो आपल्या बाजूने लागत नाही.

हा बदल रस्ते बांधून, पादचाऱ्यांसाठी पूल आणि दिवे उभारून, कायदे करून झाला. पण त्याच्या सुरुवातीच्या पानावर बायका आहेत. १९५९ च्या नोव्हेंबरात टोकियो शहराने शाळांजवळच्या चौकांत मुलांना रस्ता ओलांडून देण्यासाठी स्त्रिया नेमल्या. नवरा गेल्यावर मुलांना एकटीने वाढवणाऱ्या बायकांना काम मिळावे, हाही त्यात हेतू होता. त्यांच्या हिरव्या रंगावरून लोक त्यांना 'मिदोरी नो ओबासान' म्हणू लागले. आपल्या भाषेत 'हिरव्या मावश्या'. ज्यांच्या स्वतःच्या डोक्यावरचे छत्र गेले होते, त्या बायका हातात निशाण घेऊन दुसऱ्यांच्या मुलांसाठी मोटारी थांबवीत उभ्या राहिल्या. आज जी पाळी घरोघर येते, ती मला त्याच मावश्यांची सावली वाटली.

तिथे सारेच चांगले आहे असे मी म्हणत नाही. मुलांसाठी एवढी व्यवस्था केलेल्या त्या देशात मुलेच कमी होत चालली आहेत. २०२४ साली तिथे सात लाखांहूनही कमी मुले जन्मली. घराजवळच्या त्या वाळूच्या हौदात कधी कधी आमची दोघेच खेळत असत. गाडीत नातीने मोठ्याने गाणे म्हटले की चार माना वळत. कडेवर मूल असलेल्या माझ्या लेकीला कुणी जागा दिली नाही असेही झाले. आपल्याकडे ती उबेची वागणूक न मागता मिळते. पण आपल्या उबेला व्यवस्थेची जोड नाही. मूल रडले तर दहा हात पुढे येतात. मूल रस्ता ओलांडत असेल तर एक ब्रेक लागत नाही.

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या दारातून डाव्या हाताला नगरपालिकेची शाळा दिसते. तिच्यासमोरच्या रस्त्यावर काय काय घडले आहे ते आपणा सर्वांना ठाऊक आहे, मी उगाळत नाही. सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास, एवढाच तो वेळ. मंडळात सक्रिय सभासद पुरेशा आहेत. पाळी लावली तर एकीच्या वाट्याला महिन्यात दोन दिवसही येणार नाहीत. मुख्याध्यापकांना आणि वाहतूक पोलिसांना मी भेटून आले आहे. पोलीस दोन दिवस येऊन निशाण कसे धरावे, कुठे उभे राहावे हे शिकवायला तयार आहेत. निशाणाचे कापड आपल्या शिवणवर्गात पडलेलेच आहे.

सोमवारी सकाळी पावणेसातला मी तिथे उभी राहणार आहे. मला गुडघ्याचे दुखणे आहे, पण उभे राहण्याइतपत बळ आहे. सभा संपल्यावर चिटणीसबाईंजवळ एक वही ठेवली आहे. पहिल्या ओळीवर माझे नाव आहे. नातवाला मी अजून उत्तर दिलेले नाही. त्याला एवढेच सांगितले आहे, की थांब थोडा, आधी आम्ही रस्ता नीट करतो, मग तू एकटा जा.